आधी पाणी प्या, साहेब

साहेब, त्या दिवशी तुम्हाला तहान लागली होती. नाही म्हणू नका. जीपमधून उतरताना तुम्ही ओठांवरून जीभ फिरवलीत, रुमालानं मान पुसलीत आणि समोर आलेला तांब्या पाहून म्हणालात, "आत्ता नको, आत्ताच चहा झाला." चहा झाला नव्हता. जळकोटच्या त्या रस्त्यावर चहाचं हॉटेल नव्हतं, आणि असतं तरी त्या उन्हाळ्यात चहाला पाणी कुठलं? मग तुम्ही खोटं का बोललात, हे विचारायचं आहे. पण त्याआधी वाचणाऱ्यांना सगळं कळलं पाहिजे.

लातूर वेगळा जिल्हा झाला त्याला दोन-अडीच वर्षं झाली होती. कचेऱ्यांवरच्या पाट्या नव्या, जीपा नव्या, साहेब नवे. दुष्काळ तेवढा जुना. गावाबाहेरच्या माळावर रोजगार हमीतून पाझर तलावाचं काम निघालं आणि अर्धं गाव तिथं माती वाहू लागलं. ज्यांच्या घरी सालगडी राबायचे, त्यांच्या सुनाही पदर पुढं ओढून घमेली उचलू लागल्या. दुष्काळानं सगळ्यांना एका खड्ड्यात उतरवलं. फक्त पाण्याच्या रांजणाशी आले की सगळे पुन्हा आपापल्या वाड्या-वस्तीचे व्हायचे.

अशा कामावर पाणी पाजायला एक बाई नेमतात. रांजणापाशी बसायचं, माणूस आला की त्याच्या ओंजळीत वरून धार धरायची. हलकं काम, म्हणून ते गावातल्या मोठ्या घरची ओळख असलेल्या बाईलाच मिळायचं. धुरपता मातंग वस्तीतली. त्या वस्तीला गाव अजून मांगवाडाच म्हणतं. तिच्या पायावर दगड पडला, अंगठा ठेचला. लातूरहून आलेल्या तरुण ओव्हरसियरनं नियम दाखवला की जखमी बाईला हलकं काम द्यायचं, आणि तिला पाण्यावर बसवून तो निघून गेला.

पहिले काही दिवस लोक प्याले. ऊनच तसं होतं. मुकादम रेवणप्पा तेवढा घरून फिरकीचा तांब्या भरून आणायचा आणि माळावर सगळ्यांना दिसेल असा खांद्याला अडकवून फिरायचा.

मग लोकांना हगवण लागली. भाकरीच्या सुट्टीत रेवणप्पा रांजणापुढं येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "हिनं पाणी नासवलं." एवढंच. हातातल्या काठीनं त्यानं रांजण फोडला. पाणी धुरपताच्या पायांवरून वाहत मातीत गेलं. दुसऱ्या दिवशी नवा रांजण आला, त्यावर रेवणप्पाची भावजय शांतम्मा बसली. धुरपताला कामावरूनच काढलं.

हगवण थांबली नाही. थांबणार कशी? रांजण भरणारा टँकरवाला लांबच्या विहिरीवर जायचा कंटाळा करून जनावरं डुंबतात त्या तळ्यातून पाणी भरत होता. आरोग्य खात्याच्या माणसानं टाकीत पावडर टाकली, टँकरवाल्याला दम दिला, आणि लोक बरे झाले. सगळ्या गावाला खरं कळलं. धुरपताच्या दारात येऊन ते सांगावं असं एकालाही वाटलं नाही.

एका सकाळी रेवणप्पा आला. धुरपता कण्या शिजवत होती. तिचा नवरा दगडोबा घायपाताचा दोर वळत बसला होता. गावातले बैल बाजारात गेले होते, दोर कुणाला लागत नव्हता, पण हात रिकामे ठेवायची त्याला सवय नव्हती. त्यानं घोंगडं अंथरलं. रेवणप्पा अंगणाच्या कडेलाच, लिंबाखाली उभा राहिला.

"धुरपते, उद्या कामावर ये. पाण्यावर."

"पाण्यावर? माझ्या हातानं नासतंय की ते, अप्पा."

"झालं गेलं कशाला उकरायलीस? लातूरहून साहेब यायलेत. तुमच्या लोकांना काम देतो का, पाणी एक हाय का, हे बघणार हायेत."

"मंग सांगा की, कसं हाय ते."

रेवणप्पानं ते ऐकलंच नाही. "धुवट लुगडं नेस. रांजणाला गेरू लावून ठिवलाय. साहेबानं विचारलं तर समदं बरं हाय म्हणायचं."

"अन् साहेब गेल्यावर?"

"ते मंग बघू." तो वळला आणि जाता जाता दगडोबाकडं न बघता म्हणाला, "न्हाई आली तर तुलाबी ह्या शिवारात काम कोण देतंय, ते मी बघतो."

दुपारी गुरम्मा आली. लिंगायताची म्हातारी विधवा, कामावर धुरपताच्या बरोबरीनं घमेलं उचलायची. ती सरळ घोंगड्यावर बसली.

"ऐक गं. ताडपत्रीच्या आड दुसरा रांजण ठिवलाय त्यानं. शांतम्मा तिथं बसणार. लोक तिथलं पिणार. तुझा रांजण साहेबाला दावायला."

"म्हंजी मी बुजगावणं," धुरपता म्हणाली.

"बुजगावण्याला पाखरं तरी भितात," गुरम्मा म्हणाली.

दिवेलागणीला घरात तेच निघालं. दगडोबा म्हणाला, "जा. एक दिवस बस. साहेब गेला की दोघांनाबी काम. इज्जत काय ताटात वाढून खायची हाय?"

"माझ्यावर आळ हाय. त्यो आळ घिऊनच बसू व्हय रांजणापाशी?"

दगडोबानं दोर पुन्हा वळायला घेतला. कोपऱ्यातून त्याची आई कावेरीबाई बोलली. ती दिवसभर बोलत नसे.

"जा म्हणते मीबी. पण शोभेला बसू नको. म्या जलमभर विहिरीच्या कडंला ओंजळ धरून हुभी ऱ्हायले. कुणाला कवा दया यील अन् धार पडंल, वाट बघत. आता धार धरायचं तुझ्या हाताला आलंय. ते असं फुकट सोडू नको."

"मंग काय करू, आत्याबाई?"

"तुझा हात हाय. तूच बघ."

धुरपता दुसऱ्या दिवशी गेली. धुवट लुगडं नेसली नाही, रोजचंच नेसली. गेरूनं रंगवलेल्या रांजणापाशी बसली. सकाळपासून तिच्याकडं कुणी फिरकलं नाही, सगळे ताडपत्रीच्या आड जाऊन ओठ पुसत परतत होते. मग जीप आली. साहेब, तुम्ही आलात. रेवणप्पानं हार घातला आणि तुम्हाला रांजणापाशी आणलं.

"या बाई इथं पाणी देतात? छान. सगळे पितात ना?"

"समदे पितात साहेब. आमच्या गावात तसलं काही न्हाई," रेवणप्पा म्हणाला.

धुरपता उठली. तांब्या बुडवून भरला आणि तुमच्यासमोर धरला. तुमचा चहा तेव्हाच झाला. तुमच्या नजरेला तिची नजर होती, तुम्ही ती चुकवलीत. तिनं तांब्या रेवणप्पाकडं वळवला.

"अप्पा, तुमी घ्या."

"मला तहान न्हाई."

"तहानीचं न्हाई विचारत. ह्याच माळावर समद्यांदेखत मला म्हणलात, पाणी नासवलं. आता समद्यांदेखत प्या, म्हंजी लोकांला कळंल नासत न्हाई. मंग मी कामावर येते. एरवी येत न्हाई."

घमेली थांबली. रेवणप्पाचा हात खांद्यावरच्या फिरकीच्या तांब्यावर गेला आणि तिथंच राहिला. तो तुमच्याकडं बघत होता, साहेब. सगळा माळ तुमच्याकडं बघत होता. तुम्ही घोटभर प्याला असतात तर तोही प्याला असता. भिऊन का होईना, प्याला असता. तुम्ही घड्याळ पाहिलंत आणि म्हणालात, "हे तुमचं आपसांतलं मिटवून घ्या."

गुरम्मा घमेलं टाकून पुढं आली. वाकली, ओंजळ केली. "धर गं धार."

"अव्वा, काय करायलीस," रेवणप्पा दबक्या आवाजात म्हणाला. "गळ्यात लिंग हाय तुझ्या."

"हाय की. त्येलाबी ऊन लागतंय."

ती पोटभर प्याली, तोंड पुसलं. तिच्यामागं आणखी दोघी आल्या. बाकीचे आले नाहीत. तेही लिहून ठेवतो. बाकीचे जीप निघेपर्यंत खाली मान घालून उभे होते आणि नंतर ताडपत्रीच्या आड गेले.

धुरपतानं तांब्या पुन्हा भरला, रांजणावर ठेवला आणि घरी गेली. रेवणप्पानं शब्द पाळला. दगडोबाला त्या शिवारात कुणी काम दिलं नाही. दोघं लातूरला गेली. ती आता डाळ मिलमध्ये तूर पाखडते, तो पोती उचलतो. कावेरीबाई गावातच राहिली. गुरम्मा रोज तिच्या दारावरून कामावर जाते आणि घरच्या पाण्याची कळशी सोबत नेते. ताडपत्रीच्या आड ती जात नाही. बघता बघता तिच्या कळशीवर पिणाऱ्या बाया वाढल्या, शांतम्माचा रांजण संध्याकाळी भरलेलाच राहू लागला. माळावर त्याचं हसं होऊ लागलं, तेव्हा रेवणप्पानं लातूरला निरोप धाडला: ये म्हणावं, कुणी काही बोलणार नाही, पाण्यावरच घेतो.

निरोप्यानं तिला सल्लाही दिला, "जा की वहिनी. आता कुणाची हिंमत हाय?"

"अप्पा प्याला का?"

"न्हाई."

"मंग अजून काढलेलीच हाय मी," धुरपता म्हणाली आणि सूप हाती घेतलं.

तुमच्या तपासणीत त्या गावाबद्दल "समाधानकारक" असा शेरा आहे, साहेब. रंगवलेला रांजण तुम्ही पाहिलात, ताडपत्री तुमच्यापासून दहा पावलांवर होती. नव्या जिल्ह्यात किती कामांवर असे दोन-दोन रांजण आहेत, हे तुम्हाला माहीत नाही असं कसं मानायचं? ज्यांनी मान खाली घातली त्या गावकऱ्यांनाही हेच विचारायचं आहे, पण त्यांना मुकादमाची भीती होती. तुम्हाला कुणाची होती?

धुरपताला तिचं काम परत हवं आहे. तिची अट रेवणप्पाच्या एका घोटाची आहे, आणि तुम्ही प्यालात तर त्यालाही प्यावं लागेल. माळावर या, सगळ्यांदेखत ओंजळ पुढं करा, धार ती धरेल.

बोला साहेब, कधी येता?