पाहुण्यांसाठी आवरलेलं घर

डिम्प्ना रुआनचा पगार ज्या केकमुळे कापला गेला, तो केक तिनंच भाजला होता. मनुका तिच्या, लोणी तिचं, भट्टीची वीजही तिच्याच घरची. पदरमोड करून स्वतःचं नुकसान करून घेणारी माणसं सगळीकडे असतात. पण वर पुन्हा त्यासाठी ठेवणीतल्या कपबश्या मांडायच्या, हे आयर्लंडमधल्या मेयो जिल्ह्याच्या डोंगरातच जमतं.

काम सरकारी होतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना सकाळी उठवायचं, अंघोळ घालायची, चूल पेटवायची, दोन घास पोटात गेलेले बघायचे आणि पुढचं घर गाठायचं. पैसे तासावर. कारनमोर गावच्या फेस्टस गॅव्हिनला आठवड्याचे दहा तास मंजूर होते. वय चौऱ्याऐंशी, हात कापरे, एक गुडघा कामातून गेलेला. जीभ मात्र शाबूत.

मग बँका बुडाल्या. सरकारनं त्यांची देणी आपल्या, म्हणजे लोकांच्या, डोक्यावर घेतली. पगार कापले, कर वाढवले, आणि चौथ्या हिवाळ्यात वरच्यांना शोध लागला की देशाचा पैसा म्हाताऱ्यांच्या अंघोळीत मुरतोय. खरी गरज कुणाला आहे ते बघायला नर्सबाई घरोघर फिरू लागल्या.

ऑफिसचं माणूस घरी येणार म्हटल्यावर कारनमोरमध्ये जे होतं तेच झालं. आदल्या संध्याकाळी डिम्प्ना फुकटात आली, फरशी घासली, फेस्टसच्या शर्टाला इस्त्री केली, केक ठेवून गेली. फेस्टसनं चर्चमधल्या रविवारच्या मिस्साचा सूट चढवला, काठी कपाटामागे सारली आणि नर्स कार्मेल टुओहीला छाती काढून सांगितलं, "माझं मस्त चाललंय, बाई. माझ्यापेक्षा गरजू लोक पुष्कळ आहेत."

नर्सबाईंनी डोळ्यांना दिसलं ते लिहिलं. दहाचे अडीच झाले. आठवड्याचे पाच दिवस, रोजचा अर्धा तास.

अर्ध्या तासात एकतर अंघोळ होते, नाहीतर न्याहारी. डिम्प्ना आलटून पालटून करू लागली. म्हणजे फेस्टस एक दिवस स्वच्छ आणि उपाशी, दुसऱ्या दिवशी जेवलेला आणि पारोसा. इकडे तिच्या नवऱ्याला इमारतींची कामं थांबल्यापासून एक दिवसाचं काम नव्हतं. घर चालत होतं ते तिच्या तासांवर, आणि त्यातले साडेसात गेले होते.

एका सकाळी फेस्टस पलंगाच्या कडेला बसलेला सापडला. एका पायात मोजा, दुसरा मोजा हातात.

"कधीपासून बसलाय असे?"

"उजाडल्यापासून. घाई कुठाय?"

"असंच चाललं तर तुम्हाला कॅसलबारच्या वृद्धाश्रमात नेऊन टाकतील."

"मला तिथं नेतील ते आडवं."

"आडवे व्हायला किती उशीर आहे?" ती गुडघ्यावर बसून मोजा चढवू लागली. "मी फेरतपासणी मागितलीय. नर्सबाई शुक्रवारी येतायत. या खेपेला मी येऊन काही आवरणार नाही."

"निदान भांडी तरी विसळशील."

"भांडी अडीच तासांत बसत नाहीत."

"अगं पोरी, ती काय म्हणेल? गॅव्हिनांच्या घरात घाण?"

"मागच्या वेळी काय म्हणाली होती? घर किती छान ठेवलंय. त्या छानचे मी साडेसात तास मोजले, फेस्टस. तुमच्या अब्रूचा हप्ता माझ्या पगारातून जातोय."

फेस्टस दोन दिवस तिच्याकडे पाठ करून बसला. काठी मात्र या खेपेला हातात राहिली.

शुक्रवारी नर्सबाई आल्या तेव्हा मोरीत भांड्यांचा ढीग होता, चुलीपाशी राख सांडलेली होती आणि खुर्चीच्या पाठीवर एक ओला टॉवेल तीन दिवसांपासून सुकायचा विचार करत होता. डिम्प्नाचा अर्धा तास संपून गेला होता. ती भिंतीकडच्या बाकावर पाहुण्यासारखी बसली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मोकळे राहिले असते तर टॉवेलकडे धावले असते. लाजेनं तिचे कान तापले होते.

"कसे आहात, मिस्टर गॅव्हिन?"

"मस्त," फेस्टस म्हणाला. सवय ती सवय. डिम्प्नानं डोळे मिटून घेतले. "चहा घेणार ना, बाई?"

"नको, नको. आत्ताच झाला."

"असं कसं? घ्याच."

"बरं, अगदी घोटभर."

तो उठला. नुसतं उठण्यातच बराच वेळ गेला. भरलेली किटली त्याला उचलेना, म्हणून कपानं पाणी घालू लागला. एक कप किटलीत, अर्धा बाहीवर. झाकण हातातून सुटलं आणि टेबलाखाली घरंगळत गेलं. तो वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

नर्सबाई उठल्या. "द्या, मी करते."

"बसा," डिम्प्ना म्हणाली. "तुम्ही पाहुण्या. मीसुद्धा आत्ता पाहुणीच."

"अहो, ते पडतील."

"रोज असंच करतात. फक्त तेव्हा बघायला कुणी नसतं."

फेस्टस टेबल धरून सरळ झाला. तोंड लाल, श्वास लागलेला, आणि डोळ्यांत आता लाज नव्हती, राग होता.

"नर्सबाई, मागच्या वेळी तुम्ही पाहिलंत ते घर हिनं फुकट राबून उभं केलेलं होतं. आज पाहताय ते माझं. लिहा."

"लिहिते."

"आणि एक सांगा. बँकवाल्यांकडे कोण गेलं होतं तपासायला? त्यांना किटली उचलायला लावली होती?"

"बँका माझ्या कामात येत नाहीत हो."

"त्या कुणाच्याच कामात येत नाहीत, तिथंच सगळा घोळ आहे. मी चाळीस वर्षं या जिल्ह्याच्या रस्त्यांवर खडी टाकली, दर आठवड्याला कर भरला. बँकेनं म्हटलं का एकदा तरी, 'आमचं मस्त चाललंय, आमच्यापेक्षा गरजू लोक आहेत'? दोन्ही हात पसरले आणि मोठ्यानं मागितलं. अशांनाच मिळतं."

कार्मेल टुओहीच्या ओठांच्या कडेला हसू आलं आणि विरलं. "माझाही पगार कापलाय, फेस्टस. दोनदा."

"मग काय म्हणालात?"

"कुणाला म्हणणार?"

"म्हणजे मस्तच म्हणालात."

त्यांनी पेन टोपणात घातलं, पुन्हा काढलं. "हे बघा, मी पाच तास लिहिते. पाच मिळण्यासारखे आहेत. दहा लिहिले तर वरचे कापतील."

"कापू देत," डिम्प्ना म्हणाली. हात मांड्यांखालून कधी निघाले ते तिलाही कळलं नाही. "पण त्यांच्या हातानं कापू देत, खाली त्यांचं नाव येऊ दे. त्यांची कात्री आपण का चालवायची? मी एकदा चालवून बसलेय. केक भाजून."

नर्सबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग मोरीकडे, मग टेबल धरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे. त्यांनी दहा लिहिले, आणि पुढे कुणाला त्याचे पाच करता येऊ नयेत म्हणून शेजारी अक्षरातही लिहिले.

महिन्याभरानं आठ तास मंजूर होऊन आले. शेजारीपाजारी म्हणाले, नशीब काढलंस. फेस्टस म्हणाला, "दोन राहिले," आणि डिम्प्नाकडून त्या दोनांसाठी दुसरा अर्ज लिहून घेतला. उपकार मानणारं एक अक्षर त्यात घालू दिलं नाही.

अर्ज लिहून झाला त्या सकाळी फेस्टसकडून निघून ती पुढच्या घरी, डोंगराच्या पलीकडच्या नोनी टायकडे पोचली, तर एकोणऐंशी वर्षांची नोनी खुर्चीवर चढून खिडकीचे पडदे धुवायला काढत होती. एक बाजू निघाली होती.

"खाली उतरा, नोनी."

"अगं, गुरुवारी ती तपासणीवाली बाई यायचीय. हे पडदे बघून काय म्हणेल?"

"जे म्हणेल तेच तर लिहू दे तिला," डिम्प्ना म्हणाली, आणि हाताचा आधार देऊन तिनं म्हातारीला खाली घेतलं. पडदा तसाच एका कडीवर लोंबकळत राहिला. दोघींनी त्याच्याकडे पाठ केली आणि न्याहारीला बसल्या.