अरसलारच्या उतारावर

मित्रांनो, उघड्या टपाच्या गाडीला लोक हौसेची गाडी म्हणतात. माझ्या वाट्याला मात्र हौसेपेक्षा भीतीच जास्त आली. मी कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या डोक्यावर चांगला लोखंडी टप होता. कुंभकोणमच्या जानकीरामांनी मला घरी आणले आणि तो टप करवतीने कापून काढला. त्या करवतीच्या आवाजाने मी चाकांपर्यंत थरथरले होते. मग त्या जागी दुमडता येणारा कापडी टप बसवला गेला आणि मी मिरवणुकीची गाडी झाले.

आमच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरदेवाला उघड्या गाडीत बसवून, सनईसारखे लांब नादस्वर वाजवत गावातून नेतात. त्याला जानवासम् म्हणतात. दारासुरमचा विणकर असो की पट्टीश्वरमचा शेतकरी, नवरदेव माझ्याच मागच्या सीटवर बसे. बायका माझ्यावर फुले उधळत आणि मुले माझा भोंगा वाजवायला धावत.

मग जानकीरामांच्या मुलीने, नित्याने, नवी गाडी आणली. तिचा रंग लालभडक. बटण दाबले की तिचा टप आपोआप घडी होऊन मागे जाई. माझा टप उतरवायला दोन माणसे लागत, शिवाय कुणाचे तरी बोट चेमटे. पण मला तिचा हेवा वाटला तो वेगळ्याच गोष्टीचा. तिचे काही दुखले-खुपले की चालवणाऱ्यासमोर लगेच दिवा लागे, घंटी वाजे. मला अशी वाचा नव्हती. मी शेडच्या कोपऱ्यात पडून राहिले. माझ्या मागच्या चाकापाशी ब्रेकचे तेल थेंब थेंब गळू लागले आणि खालच्या मातीत मुरू लागले. मला ते कळत होते. दुसऱ्या कुणाला नाही.

विष्णुवर्धन नावाच्या नवरदेवाच्या जानवासम्‌च्या दिवशी नव्या गाडीचा टप अर्ध्यावर अडकला. वर जाईना, खाली येईना. नवरदेवाचे वडील अप्पाराव देवळापाशी खोळंबले होते. जानकीरामांनी घाईघाईने माझी धूळ झटकली आणि माळा चढवल्या.

"अप्पा, हिचे ब्रेक पाहिलेत काय?" नित्याने वडिलांना विचारले.

"हिला मी घरच्या गाईसारखी ओळखतो. कशास भितेस गे?"

नित्या येऊन त्यांच्या शेजारच्या सीटवर बसली.

नवरदेवाबरोबर मागे तीन लहान मुली चढल्या. देवळापासून पुलापर्यंतचा रस्ता सपाट होता. माणसांच्या चालीने आम्ही निघालो आणि कुणाला काही जाणवले नाही. माझा जीव मात्र पुढच्या उतारात अडकला होता.

अरसलार नदीचा पूल ओलांडला आणि रस्ता खाली वळला. पेट्रोल वाचावे म्हणून जानकीरामांनी मला न्यूट्रलला टाकले. मी घरंगळू लागले. त्यांनी ब्रेक दाबला. तो सरळ तळाला टेकला.

त्यांनी पुन्हा दाबला. पुन्हा तेच. त्यांचा हात गिअरवर आला, पण दाते नुसतेच करकरले.

माझ्या अगदी पुढे वृद्ध कृष्णमूर्ती नादस्वर वाजवत चालले होते. त्यांना कानांनी कमी ऐकू येई. डोळे मिटून ते सुरात रमले होते.

"तळ्ळुंगो! तळ्ळुंगो! बाजूला व्हा!" जानकीराम ओरडले. तविलचे ढोल वाजवणारे उडी मारून बाजूला झाले. कृष्णमूर्ती नाही झाले. मागच्या मुली किंचाळल्या. मित्रांनो, माझ्याच वजनाची मला इतकी भीती कधी वाटली नव्हती.

"अप्पा, डावीकडे! वाळूत!" नित्या ओरडली. तिने गंजलेला हातब्रेक दोन्ही हातांनी ओढला. जानकीरामांनी चाक वळवले. माझी मागची चाके घासली, नाक रस्त्याकडेच्या वाळूच्या ढिगात रुतले आणि मी थांबले. माझा उजवा दिवा कृष्णमूर्तींच्या पंच्याला टेकला होता. त्यांनी मागे वळून पाहिले आणि त्यांच्या ओठांवरचे नादस्वर खाली आले.

विष्णुवर्धनने मुलींना एकेक करून उतरवले. कुणाला खरचटलेही नव्हते. पुढची वाट तो पायीच गेला. अप्पाराव धावत आले तेव्हा जानकीराम रस्त्यावरच बसले होते.

"ही धोक्याची गाडी! उद्याच्या उद्या भंगारात घाला!" अप्पाराव म्हणाले.

ते ऐकून माझ्यात उरलासुरला धीरही गळून गेला. पण जानकीराम मान खाली घालून म्हणाले, "नाही हो. गाडीचा दोष नाही. मी पाहिलंच नाही."

"आज हिला टाकाल," नित्या वडिलांना म्हणाली, "आणि नवी जुनी झाली की तिलाही असंच विसराल. आधी पाहायला शिकूया, अप्पा."

माझे ब्रेक नवे झाले, नव्या गाडीचा टपही सुटला. आता आम्ही दोघी आळीपाळीने मिरवणुकीला जातो. उतार दिसला की माझे काळीज अजून धडधडते. म्हणून मित्रांनो, एक विनवते. ज्याला बोलता येत नाही, त्याच्याकडे रोज वाकून पाहा. ते गप्प आहे म्हणजे ठीकच आहे, असे धरून चालू नका.