वाटाणा शिजेना, आळ कुकरवर

आज शिट्टी नाही, सरळ बोलतोच. मी कुकर. पाच लिटरचा, लांब दांड्याचा. राहणार उलवे, नवी मुंबई, सातवा मजला, ओट्याखालचा डावा कप्पा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला, पण त्यातली फक्त ठोकाठोक आठवते. खरं आयुष्य सुरू झालं खेडच्या बाजारात. वेणूबाईंनी चार कुकर नाकारले, मला टिचकी मारून पाहिली आणि घरी नेलं. गावी मी चौदा वर्षं इमाने इतबारे चाकरी केली.

काळ्या वाटाण्याची उसळ ही वेणूबाईंची ख्याती. वाटाणा भिजवायचा, चार शिट्ट्या घ्यायच्या, की दाताशिवाय खाता यावा असा मऊ. बुद्धपौर्णिमेच्या जेवणाला उसळ त्यांनीच करायची, असा वाडीचा रिवाज होता. भांडं माझं, नाव त्यांचं, पण माझी कधी तक्रार नव्हती.

पुढे त्यांच्या लेकाने, अश्विनने, उलव्यात फ्लॅट घेतला. वेणूबाई मला मांडीवर घेऊन एसटीने आल्या.

इथल्या ओट्यावर दोन नळ. एकाला सकाळी तासभर प्यायचं पाणी, दुसऱ्याला दिवसभर सोसायटीच्या बोअरिंगचं. वेणूबाईंचा कायदा जुना आणि पक्का: प्यायचं पाणी फक्त प्यायला, बाकी सगळं वापरायच्या पाण्यात. सून संघमित्राने एकदा प्यायच्या पाण्यात डाळ धुतली, तर बिचारी तीन दिवस ऐकत होती. गावी दोन्ही पाणी एकाच विहिरीचं, फक्त हंडे वेगळे. त्यामुळे तिथे या कायद्याने कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

इथे मात्र पहिल्याच उसळीला फजिती झाली. चार शिट्ट्यांनी वाटाणा हलला नाही. आठ झाल्या, दहा झाल्या. चौदाव्या शिट्टीला माझा घसा बसला आणि शेजारच्यांनी दाराची बेल वाजवली. अश्विनने ताटातला वाटाणा बोटाने दाबला, तर तो उडून थेट फ्रिजखाली गेला.

घरात बाकीच्यांचीही तब्येत बरी नव्हती. शॉवरची भोकं पांढऱ्या खड्यांनी बुजली होती. एक धार भिंतीवर, एक छतावर, उरलेली अश्विनच्या कानात. गीझर तापताना पोटात फुटाणे भाजल्यासारखा कुरकुरायचा. साबण झिजायचा, पण फेस काही यायचा नाही. माणसांची गंमत बघा, प्रत्येकाने आरोपी वेगळा धरला. अश्विनने शाम्पू बदलला, संघमित्राने साबण बदलला आणि वेणूबाईंनी मला बदलायचं ठरवलं.

आता हा अश्विन करतो काय, ते ऐका. पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो बॉयलर सांभाळतो. रोज सकाळी बॉयलरच्या पाण्याचा नमुना घ्यायचा आणि त्यात औषधाचे थेंब टाकायचे. लाल झालं तर पाणी जड, म्हणजे क्षारांचं. निळं झालं तर चालेल. जड पाणी बॉयलरला देऊ म्हणणाऱ्या साहेबालाही हा ऐकवतो. पण घरी आला की डोकं चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

अशात रविवारी संघमित्राचे आईवडील पहिल्यांदाच जेवायला यायचे ठरले. 'वेणूबाईंच्या हातची उसळ खायचीय,' असा खास निरोप आला. शुक्रवारी जुना कुकर देऊन नवा आणायचं नक्की झालं. त्या दिवशी सकाळी वेणूबाईंनी मला घासलं, पुसलं आणि हळूच म्हणाल्या, "तूच बिगडलेला आस रं बाबा. नायतर माजा हातच गेला म्हनायचा."

मला राग यायला हवा होता. आला नाही. चौदा वर्षांत त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी ऐकला नव्हता.

अश्विनने मला पिशवीत घातलं, कामावरून येताना दुकानात टाकू म्हणून पावण्याला नेलं आणि बॉयलरशेजारी ठेवलं. केवढा तो बॉयलर! आमच्या भावकीतला थोरला काकाच. जेवणाच्या सुट्टीत अश्विनने सहज माझं झाकण काढलं. जड पाण्याने बॉयलरला धरतो तसाच आतला पांढरा थर त्याने नखाने खरवडला आणि हातातला घास तसाच राहिला.

संध्याकाळी तो मला आणि थेंबांची बाटली घेऊन घरी आला. ओट्यावर दोन ग्लास मांडले. बोअरिंगचं पाणी लालभडक, प्यायचं पाणी निळं.

"आई, कुकरला काही झालं नाही. बोअरिंगचं पाणी जड आहे, त्यात वाटाणा शिजणारच नाही. उद्या प्यायच्या पाण्यात भिजव आणि त्यातच शिजव."

"प्यायचं पानी कुकरात? नाय."

शेवटी संघमित्राने सासूबाईंची समजूत काढली, की आपण आपल्या वाट्याचा एक तांब्या कमी पिऊ. तेव्हा कुठे कायदा वाकला. माझ्यात लिंबाचं पाणी उकळलं, थर सुटला, जीव हलका झाला.

रविवारी मी चारच शिट्ट्या दिल्या. वाटाणा लोण्यासारखा झाला. विहीणबाई उज्वला दुसऱ्यांदा वाढून घेत होत्या, आणि आमच्या अश्विनला ज्ञान सुचलं. क्षार, थर, थेंब, सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "सगळी कमाल पाण्याची हो."

वेणूबाईंच्या हातातली पळी थांबली. हात गेला नव्हता म्हणून आनंदलेली बाई, आता हाताची गरजच नव्हती असं ऐकत होती. मला त्या क्षणी अश्विनच्या डोक्यात झाकण घालावंसं वाटलं.

उज्वलाबाईंनी बोटं चाटली. म्हणाल्या, "विहीणबाई, आमच्याकडे दोन्ही नळांना गोडंच पाणी येतं. वीस वर्षं मीही ही उसळ करते. अशी एकदाही झाली नाही."

वेणूबाईंनी उज्वलाबाईंच्या ताटात न विचारता आणखी एक पळी वाढली.

मी अजून त्याच कप्प्यात आहे, मजेत आहे. एवढंच सांगतो: डाळ शिजली नाही तर आमच्यावर आळ घेण्याआधी नळ तपासा. आणि जेवण चांगलं झालं, तर कौतुक मात्र बाईचं करा.