केतकरांचे मुळे

गच्चीवर एकही कुंडी ठेवायची नाही, हा ठराव रघुवीर केतकरांनीच करून घेतला होता. गिरगावातल्या त्यांच्या चार मजली इमारतीचे ते सेक्रेटरी. चौथ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या नलूताई सोमणांचा हौसेनं लावलेला गवती चहा त्यांनी गच्चीवरून खाली उतरवायला लावला होता. गच्चीला ओल येते, आणि नियम म्हणजे नियम. तेव्हापासून नलूताई जिन्यात समोर आल्या तरी भिंतीकडे बघत वर जात.

पुढे केतकरांना पित्तानं धरलं. डॉक्टरांनी तिखट बंद केलं ते त्यांनी सोसलं, पण मुळ्याची कोशिंबीर म्हणजे त्यांचा जीव की प्राण, आणि बाजारचा मुळा आधी नाकात जाई, मग दुपारभर छातीत जळत राही. सून ऋता म्हणाली, थंडीत लावलेला, रोज पाणी मिळालेला मुळा कोवळा असताना उपटला तर अजिबात झोंबत नाही. पण असा मुळा घरचाच हवा. तिनं बियांचं पाकीटही आणून दिलं. घरात ऊन नावाला येत नव्हतं. ऊन होतं ते गच्चीवर.

दिवाळी सरल्यावर केतकरांनी पाण्याच्या टाकीमागे थर्माकोलची खोकी नेऊन ठेवली. गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे, तेव्हा पकडणार तरी कोण? इमारत जागी व्हायच्या आत ते बादलीनं पाणी घालून येत. मनाला टोचणी लागलीच तर स्वतःला समजावत, ठराव कुंड्यांचा आहे, खोक्यांचा नाही.

मुळे धरले, आणि नेमकी त्याच आठवड्यात चौथ्या मजल्यावरच्या उन्मेष सबनीसच्या छताला ओल आली. कमिटीनं गच्ची तपासायचं ठरवलं. किल्ली घेऊन केतकरांनाच पुढे व्हावं लागलं. चौथ्या मजल्याच्या म्हणून नलूताईही आल्या.

टाकीमागची हिरवीगार खोकी पाहून सगळे थबकले. केतकरांवर संशय घेणं कुणाच्या मनातही येण्यासारखं नव्हतं. नजरा वळल्या त्या नलूताईंकडे. आता खरं सांगून टाकावं म्हणून केतकरांनी तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते भलतंच.

"नियम सगळ्यांना सारखा आहे."

नलूताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. केतकरांच्या पायजम्याला घोट्यापाशी ओली माती लागली होती.

"माझेच आहेत मुळे," नलूताई म्हणाल्या.

पुरावा म्हणून उन्मेषनं एक मुळा उपटला, टाकीच्या नळाखाली धुतला आणि सहज चावून पाहिला. मग दुसरा उपटला. हा तर झोंबतच नाही, असं तो म्हणाल्यावर पुरावा हातोहात फिरला आणि थोड्याच वेळात संपलाही. पाण्यात हयगय करायची नाही, म्हणजे मुळा गोड राहतो, असं नलूताईंनी शांतपणे सांगितलं. आपल्या मुळ्यांचं कौतुक ऐकून केतकरांना उकळ्या फुटत होत्या, आणि ते दुसऱ्याच्या पदरात पडताना बघून जीव तळमळत होता.

ओल टाकीतून खाली येणाऱ्या नळीची निघाली. मुळे निर्दोष सुटले. पुढच्या सभेत बंदी उठली, गच्चीबागेला मंजुरी मिळाली आणि नलूताई तिच्या प्रमुख झाल्या. ठराव वाचणं सेक्रेटरीचं काम. केतकरांनी तो खणखणीत आवाजात वाचला.

त्या संध्याकाळी त्यांनी नलूताईंची बेल वाजवली. मला का वाचवलंत, असं त्यांनी उंबऱ्यातूनच विचारलं.

"तुम्हाला कुठलं वाचवतेय?" नलूताई म्हणाल्या. "तुम्ही सापडला असतात तर राजीनामा दिला असतात आणि बंदी तशीच राहिली असती. मला माझा गवती चहा वर न्यायचा होता." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आता सांगा, मुळ्याला पाणी किती घालायचं? मी जन्मात मुळा लावलेला नाही."

केतकर रोज उघडपणे बादली घेऊन गच्चीवर जाऊ लागले. नलूताई खुर्चीत बसून देखरेख करत. कुणी काही विचारलं की केतकर हळूच उत्तर सांगत, आणि नलूताई ते मोठ्यानं सांगत.

मार्चमध्ये ऊन तापलं आणि मुळे असे तिखट निघाले की खाणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नलूताईंना कुणी बोल लावला नाही. पाणी घालायचं काम केतकरांकडे होतं, आणि या माणसाला पहिल्यापासून झाडांचं वावडंच आहे, हे साऱ्या इमारतीला ठाऊक होतं.