चौथ्या गल्लीतली निलगिरी

नगरपालिकेच्या उद्यान खात्यातल्या साहेबांनी उपनगरातल्या सगळ्या गल्ल्यांचे, बागांचे आणि घरांच्या रांगांमधल्या हिरवळीचे फोटो काढायला सांगितले, तेव्हा फोटोवालीने एवढंच विचारलं, "कशासाठी हवेत?"

"ते वरून कळेल. तुम्ही काढत चला," साहेब म्हणाले आणि फोनवर बोलू लागले.

असल्या उत्तरावर कुणी काम घेत नाही, पण तिने घेतलं. बाजारातल्या स्टुडिओत लग्नांची कामं धाकटा भाऊ बघायचा आणि तिच्या वाट्याला पासपोर्टचे फोटो. "हनुवटी जरा खाली, खांदे सरळ," हे म्हणून म्हणून तिला वीट आला होता. झाडं तरी डोळे मिटणार नाहीत, असं म्हणून ती कॅमेरा गळ्यात अडकवून निघाली.

पण रस्त्याचा फोटो म्हणजे पासपोर्टपेक्षा मोठी डोकेदुखी निघाली. पहिल्याच गल्लीत एक बाई फाटकाशी येऊन म्हणाल्या, "रस्ता रुंद होणार का हो?" पुढच्या कोपऱ्यावरच्या न्हाव्याने गिऱ्हाईकाला अर्ध्या दाढीवर सोडलं आणि दुकानाची पाटी पुसून घेतली. एकाने गॅलरीतल्या वाळत घातलेल्या चादरी काढल्या, तर दुसऱ्याने मुद्दाम तुंबलेलं गटार दाखवलं. सगळ्यांना ती खरं तेच सांगायची, "मला खरंच माहीत नाही." आणि त्यावर सगळे एकमेकांकडे असे बघायचे, की माहीत नाही म्हणतेय म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय. संध्याकाळपर्यंत तिला स्वतःलाच वाटायला लागलं, की आपण काहीतरी लपवतोय.

चौथ्या गल्लीत तिची मावशी राहायची. मावशीच्या दारासमोर हिरवळीची पट्टी, पट्टीच्या मधोमध एक जुनी निलगिरी आणि पलीकडे गार्डकाकांचं घर. गार्डकाका रेल्वेतून निवृत्त झालेले, एकटे. त्या निलगिरीवरून दोघांचा अबोला इतका जुना होता, की तो आधी की झाड आधी, असा प्रश्न पडावा. साली आणि पाला पडायचा काकांच्या पन्हळीत, मुळं शिरली होती त्यांच्या कुंपणाच्या भिंतीत, आणि सावली मात्र मावशीच्या ओट्यावर. दोघं बोलायचे ते झाडाला उद्देशून. "आज पुन्हा पन्हळ तुंबली," असं काका झाडाला सांगायचे. "ज्याची पन्हळ त्याने साफ करावी," असं मावशीही झाडालाच सांगायची.

भाची कॅमेरा घेऊन आलेली पाहताच मावशी पदराला हात पुसत बाहेर आली. "अगं, झाड नीट घे. शेंड्यापर्यंत आलं पाहिजे. उजेड बघ कसा पडलाय बुंध्यावर."

फोटोवालीने मान मागे टाकून फोटो घेतला. तोवर काका भिंतीजवळ येऊन उभे राहिले होते. "आणि भिंतीचा हा तडापण घ्या. दोन्ही बाजू यायला हव्यात." तिने भिंतीचाही घेतला. तिला वाटलं, की दोघांनाही आपापली बाजू वर पोहोचवायची आहे. तिने फोटो नेऊन साहेबांकडे दिले.

चार दिवसांनी ती पाचव्या गल्लीतली बाग टिपत असताना करवतीचा आवाज आला. आवाजामागे धावत ती चौथीत पोहोचली, तर निलगिरी आडवी पडलेली आणि उद्यान खात्याचा मुकादम ओंडक्यावर बसून पाणी पीत होता.

"माझ्या फोटोमुळे तोडलं का हो?" तिने विचारलं.

"कसले फोटो?" मुकादम म्हणाला. "समोरच्या बाईंनी सांगितलं म्हणून तोडलं. उन्हाळ्यापासून मागे लागल्या होत्या. शेवटी काल साहेबांनी हो म्हटलं."

"कुठल्या बाई?"

त्याने मावशीच्या दाराकडे बोट दाखवलं.

मावशी स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. नळ बंद न करताच म्हणाली, "हो, मीच सांगितलं."

"मग त्या दिवशी शेंड्यापर्यंत फोटो घे म्हणालीस ते?"

"आज ना उद्या जाणार होतं म्हणूनच तर म्हणाले."

"पण का, मावशी? इतकी वर्षं त्या झाडासाठी भांडलीस ना?"

मावशीने एक पातेलं दोनदा विसळलं. मग सांगितलं. उन्हाळ्यात काका त्या मुळाला अडखळून पडले होते. ही धावत गेली, हात पुढे केला. काकांनी हाताकडे पाहिलं, आणि झाडाला धरून कसेबसे उठले. उभं राहिल्यावर झाडालाच म्हणाले, "सांभाळलंस बाबा."

"मग तुला त्यांची काळजी वाटली, की राग आला?"

"ते मला विचारू नकोस," मावशी म्हणाली. "पुन्हा पडले असते तर? म्हणून सांगितलं, झालं. जा, चहा टाक."

चहा न टाकताच फोटोवाली पट्टी ओलांडून काकांकडे गेली. निदान हे तरी खूश असतील, असा तिचा हिशेब होता. काका खुर्चीत दाराकडे पाठ करून बसले होते.

"आता पन्हळ तुंबणार नाही, काका," ती म्हणाली.

"तुझ्या मावशीला कुणी सांगितला होता हा उद्योग?" काका म्हणाले. "मी कधी तोडा म्हणालो? तक्रार केली. तक्रार करणं वेगळं." त्यांनी खिडकीकडे हात केला. "आता खिडकी उघडली की थेट तिचं स्वयंपाकघर दिसतं. ती भांडी घासते, मी बघतो. हे काय बरं दिसतं?"

"मग पडदा लावा."

"कशाला?" काका चिडून म्हणाले. ती निघताना त्यांनी फोटो मागितला. भिंतीचा नको, झाडाचा, आणि मावशीला कळू न देता.

त्याच आठवड्यात साहेबांचा निरोप आला, की चौथ्या गल्लीचा फोटो जुना झाला, नवा हवा. ती गेली, पण उभं कुठे राहावं हेच कळेना. मागच्या वेळच्या जागेवरून नुसतं आभाळ आणि वायरी येत होत्या. दोन पावलं डावीकडे गेली, तर चौकटीत मावशीची खिडकी आली, उजवीकडे गेली, तर काकांची. दोन्ही सताड उघड्या होत्या. मावशी आतून म्हणाली, "ऊन फार येतं आता." पलीकडून काका म्हणाले, "येणारच." दोघं कुणाला उद्देशून बोलले, हे सांगता येत नव्हतं, कारण मध्ये काहीच नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला भावाने विचारलं, "ताई, मग शेवटी झालं काय? समेट झाला की भांडण वाढलं?"

"झाला समेट," ती म्हणाली. भाताचे दोन घास खाल्ले. मग म्हणाली, "नाही रे, वाढलं बहुतेक. मावशी आज दिवसभर ओट्यावर आली नाही."

"आणि फोटो कशासाठी हवे होते, ते कळलं?"

"विचारलं मी. साहेब म्हणाले, वर अजून ठरतंय."

भाऊ हसला. तिला मात्र हसू आलं नाही. तिने ताट तसंच ठेवलं, कॅमेरा काढला आणि चौथ्या गल्लीचे, झाड असतानाचा आणि नसतानाचा, असे दोन्ही फोटो आलटून पालटून बघत बसली.