पाण्याचा पातळ हात

"सगळं पाणी एकदमच सोडलंत?" बर्फकाकांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. "अहो बाई, ते बर्फाचं मैदान आहे, हौद नाही."

पलीकडची मेकॅनिक ओशाळली. "मी माशांच्या शीतगृहातली, काका. बर्फ म्हटलं की आम्ही तो फोडतो. मधोमध तडा गेलाय आणि कडेनं खपल्या सुटल्यात. उद्या सकाळी उद्‌घाटन आहे. पाया पडते, सांगा काहीतरी."

काका कोरड्या मैदानाच्या कठड्यावर बसले होते. एकतीस वर्षं त्यांनी इथला बर्फ केला आणि सकाळच्या वेळी गावातल्या पोरांना त्यावर उभं राहायला शिकवलं. गावाला बर्फावरच्या हॉकीचं वेड. एकही सामना रिकामा गेला नाही. पण गावच मुळी चाळीस हजारांचं. ही मेकॅनिक बोलत होती त्या हजार कोसांवरच्या शहरात एक कोटी माणसं, आणि एकानंही हा खेळ पाहिलेला नाही. "म्हणूनच तर जायचं," लीगचे साहेब म्हणाले आणि गावाचा संघ तिकडे उचलून घेऊन गेले. काकांनाही बोलावलं होतं. ते गेले नाहीत.

शेजारी बायको मैदानाच्या किल्ल्या घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"सांगू नका," ती हळूच म्हणाली. "पहिल्याच दिवशी फजिती झाली तर येतील संघ घेऊन परत."

हे काकांच्याही मनात येऊन गेलंच होतं.

"उद्या खेळाडू उतरणार?" त्यांनी फोनवर विचारलं.

"आधी शाळेतली पोरं. दोनशे. सहा-सात वर्षांची."

काकांनी बायकोकडे पाहिलं. तिनं तोंड फिरवलं.

"सगळं खरवडून काढा," काका म्हणाले. "भिंतीला रंगाचा हात देतात ना, तसा पाण्याचा हात द्यायचा. बारीक फवारा, उलट्या पावलांनी मागे मागे जात. एक गोठल्याशिवाय दुसरा नाही. असे वीस."

"वीस? काका, इतका वेळ कुठाय?"

"घाई असेल तर एकवीस धरा. घाईत एखादा बिघडतो."

ती हसली. मग लिहून घेऊ लागली. काकांनी तिच्याकडून सगळं दोनदा म्हणून घेतलं, चुकलं तिथं न रागावता पुन्हा सांगितलं.

"आणि पोरांना आधी पडायला शिकवा. पडता आलं की निम्मी भीती जाते."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला तेव्हा काका बायकोसोबत मैदानातच होते; इथं आता गोदाम होणार, म्हणून मोजमापं घ्यायला माणसं यायची होती.

"ऐका," मेकॅनिक म्हणाली आणि तिनं फोन बर्फाकडे धरला.

बुटांखालच्या पात्यांची सरसर ऐकू आली. स्वच्छ, कुठंही खरखर नाही. मग धप्पकन आवाज आणि एका मुलीचं रडणं.

"उचलू नका तिला," काका घाईनं म्हणाले. "गुडघ्यावर येऊ दे. एक पाय आधी... हां. आता दुसरा."

रडणं थांबलं. थोड्या वेळानं सरसर पुन्हा सुरू झाली, आधी अडखळत, मग सलग.

"काय झालं हो?" बायकोनं विचारलं.

"उठली."

फोन कानाला तसाच धरून काका उभे होते. त्यांचा उजवा पाय नकळत पुढे सरकू लागला आणि सिमेंटवर अडला.