उलटी कांडी

कुलर बंद, पंखा बंद, तरी घरभर घूंऽऽ चाललेलं. प्रेमानंदनं बेस गिटारची पिन ॲम्प्लिफायरमधून काढली, घूं थांबलं. परत लावली, परत घूं. त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

संध्याकाळी नागपुरात जयंतीचा कार्यक्रम होता. भीमगीतांच्या पार्टीचे मालक नत्थूजी यांनी मागच्याच वेळी बजावलं होतं, "स्टेजवर लाइटा लागल्या का तुह्या गिटारीतून भुंगा निघते. अजून एक वेळ ऐकू आला, त मी कीबोर्डवरच बेस लावतो. तू समोर खुर्चीवर बसून ऐकजो." कॉलेजपासून वाजवणाऱ्या माणसाला खुर्चीवर बसून ऐक म्हणायचं! प्रेमानंदच्या ते फार जिव्हारी लागलं होतं.

म्हणून तर हा सारा उपद्व्याप. तारांखालचा पिकअप तारेची थरथर उचलून पुढे देतो. त्याचा जुना पिकअप थरथरीबरोबर लाइटांची घरघरही उचलायचा. त्यानं ठरवलं, आपण घरीच बनवू, चार तारांना चार वेगळ्या गुंडाळ्या. आत लोहचुंबक, एक सुलटं, एक उलटं. त्याभोवती केसाएवढी तांब्याची तार, तीही एक गुंडाळी सुलटी, एक उलटी. म्हणजे एकीची घूं दुसरीनं मारायची. कागदावर सगळं झकास होतं.

पण गुंडाळणार कोण? त्याच्या बोटांत ती तार टिकेना, टुचकन तुटायची. शेवटी आईला बसवलं. तुळसाबाईनं कामठीत अर्धं आयुष्य पॉवरलूमसाठी सुताच्या कांड्या भरल्या होत्या, म्हणजे नळ्यांवर सूत गुंडाळलं होतं. तिच्या हातून तार एकदाही तुटली नाही. दोन गुंडाळ्या तिनं उलट्या भरल्या, त्याही त्याच्या डोळ्यांसमोर.

मग आज हे घूं आलं कुठून? त्यानं पिकअप बाहेर काढून टेबलावर ठेवला, तारांची टोकं कुठून निघतात ते पाहिलं. चारही गुंडाळ्या सुलट्या!

"माय, दोन उलट्या भरल्या होत्या ना वं तू?"

"भरल्या होत्या. तू ड्युटीवर गेला अन् मंग सुलट्या केल्या," तुळसाबाई भाजी निवडता निवडता म्हणाली. "उलटी कांडी घरात असली का मले चैन नाही पडत बाप्पा. मागाच्या धोट्यात सूत अडकते, सारं कापड खराब होते."

"इथं धोटा कुठं हाय? कापड कुठं हाय?"

"कांडी त हाय ना!"

आता या बाईला काय सांगावं? प्रेमानंदचा पारा चढला. "नको तिथं हात लावते तू! आज माही पार्टी सुटली त तुह्यामुळं सुटन!" असं ओरडून, पिकअप तसाच टेबलावर टाकून तो ताडताड निघाला. धंतोलीतल्या औषधाच्या दुकानात कामावर पोचेपर्यंत ऑटोतसुद्धा तो स्वतःशी पुटपुटत होता.

दुपारी एक गिऱ्हाईक तणतणत आलं. बीपीची मशीन चालत नाही, काय भंगार विकता! प्रेमानंदनं झाकण उघडलं. सेल उलटे टाकलेले. त्यानं ते फिरवले, मशीन सुरू. गिऱ्हाईक ओशाळून गेलं, आणि प्रेमानंद मात्र तिथंच थिजला.

टोकं! गुंडाळी उलटी भरली काय, किंवा सुलटीचीच दोन टोकं अदलाबदल करून जोडली काय, एकच की! माय सुलटी भरो, उलटी भरो, काही फरकच पडत नव्हता. अन् आपण सकाळी तिच्यावर केवढे खेकसलो. गाढव कुठला! सुट्टी मागून तो धावतच घरी निघाला.

घरात कुलर फुल्लवर होता. जमिनीवर तांब्याच्या तारेचा भलामोठा गुंता पडला होता आणि तुळसाबाई त्याच्यासमोर रडवेली होऊन बसली होती.

"तुले उलट्या पाहिजे होत्या ना? एका कडेच्या दोन उकलल्या मी. कुलरच्या हवेनं तार उडाली गा."

"कुलर काहून लावला वं?"

"गर्मी किती होती!"

प्रेमानंदनं गुंता उचलून पाहिला, तार जागोजागी तुटली होती. नवी तार आणायला वाइंडिंगवाल्याचं दुकान जयंतीनिमित्त बंद. राहिल्या गिटारच्या जाड तारांखालच्या दोन गुंडाळ्या. त्यातल्या एकीची टोकं त्यानं फिरवून जोडली, पिन लावली. घूं गायब.

संध्याकाळी लाइटांच्या झगमगाटात तो सगळी गाणी दोनच तारांवर रेटत होता. पतल्या तारांवरचे सूर जाड तारांवर वर सरकून शोधता शोधता बोटं सोलून निघाली. भुंगा मात्र निघाला नाही. शेवटच्या गाण्यानंतर नत्थूजी म्हणाले, "आता कसं! पुढच्या कार्यक्रमाले येजो."

पहिल्या रांगेत तुळसाबाई मान खाली घालून बसली होती. हिनं एक गाणं धड ऐकलं असेल तर शपथ! प्रेमानंद वैतागूनच खाली उतरला, तर तिच्या मांडीवर पिशवी, पिशवीत तो गुंता, अन् हातात एक कांडी.

"दोन तारा तू वाजवल्याच नाही," ती हळूच म्हणाली. "मी पाहून राह्यली होती." मग कांडी पुढे केली. "हे पाह्य, एक झाली. जिथं तुटली तिथं अशी बारीक गाठ मारली, दिसत बी नाही. अन् उलटी भरली हो! साऱ्या जिंदगीत पहिल्यांदा."

तारेवर वार्निशचा लेप असतो, तो न खरवडता मारलेल्या गाठीतून करंट जात नाही. उलटी भरायची तर गरजच नव्हती. दोन्ही गोष्टी प्रेमानंदच्या अगदी ओठावर आल्या होत्या.

त्यानं कांडी घेतली, उजेडात धरून नीट पाहिली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"बरोबर हाय, माय," तो म्हणाला. "अशीच पाहिजे होती."